क्लच बदलायचाय? गिअरबॉक्स खाली घेण्याआधी एवढं बघा

साताऱ्यात गाडी चालवायला लागलं की क्लचशी गाठ लवकर पडते. यवतेश्वरचा घाट, सज्जनगडची चढण, वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट, आणि कासला फुलं आली की शनिवार-रविवारी चढावरच अडकलेली गाड्यांची रांग. सपाटीला लाखभर किलोमीटर काढणारी प्लेट असल्या वापरात तीस-चाळीस हजारांतही खलास होऊ शकते. त्यात गाडी सेकंडहँड असेल, तर आधीच्या मालकाला पेडलवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय होती का, हे व्यवहार करताना कोणी सांगत नाही.

ज्यांनी पहिलीच गाडी घेतलीय आणि गॅरेजची भाषा अजून अंगवळणी पडलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मेकॅनिक नाही, या कामातून गेलेला गाडीमालक आहे. एक हिशेब सुरुवातीलाच डोक्यात ठेवा. क्लच बदलताना मोठा व्याप असतो तो गिअरबॉक्स उतरवून परत चढवण्याचा. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या छोट्या गाडीतही चांगल्या मेकॅनिकचा अर्धा-पाऊण दिवस त्यात जातो. पार्टमध्ये चार पैसे वाचवायला घेतलेलं हलकं बेअरिंग सहा महिन्यांत ओरडायला लागलं, तर बेअरिंगच्या किमतीत सुटका होत नाही. मजुरी पुन्हा पहिल्यापासून.

१. आत काय चाललेलं असतं ते समजून घ्या

इंजिनच्या क्रँकला, म्हणजे इंजिनमधून बाहेर येणाऱ्या फिरत्या दांड्याला, फ्लायव्हील ही जड चकती बोल्टने पक्की बसवलेली असते. इंजिन चालू आहे तोवर ती फिरतच राहते. तिच्यावर प्रेशर प्लेट बसते, आणि दोघांच्या मधोमध क्लच प्लेट. क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर रिव्हेट मारून बसवलेलं असतं. गॅरेजमध्ये त्याला लायनिंग किंवा फेसिंग म्हणतात. प्लेटच्या मधल्या दातेरी भोकात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट शिरतो.

पेडलवर पाय नसताना प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर काही शे किलोंच्या जोराने दाबून धरते. तिन्ही एकत्र फिरतात आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत जाते. पेडल दाबलं की केबलने किंवा तेलाच्या दाबाने रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, स्प्रिंगच्या पाकळ्यांना ढकलतं आणि पकड सुटते. या पाकळ्यांना मेकॅनिक ‘फिंगर’ म्हणतात. प्लेट मोकळी झाली की गिअर पडतो.

यातून एक कामाची गोष्ट कळते. क्लच पूर्ण सोडलेला असताना लायनिंग झिजत नाही. पूर्ण दाबलेला असतानाही नाही, फक्त तेवढा वेळ बेअरिंगवर भार राहतो. लायनिंग झिजतं ते मधल्या अवस्थेत, म्हणजे हाफ क्लचवर. उभी गाडी चालती करताना थोडं घसरणं अटळ आहे. सपाटीवर ते सेकंद-दीड सेकंदात संपतं. पण चढावर हँडब्रेक न ओढता हाफ क्लच आणि ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, तर गाडी जागची हलत नाही आणि इंजिन जेवढी ताकद देतं तेवढ्या सगळ्याची उष्णता होऊन ती प्लेटमध्ये शिरते. यवतेश्वरच्या वळणांवर रविवारी येतो तो जळका वास याचाच.

२. दोष प्लेटचाच आहे का, हे आधी ठरवा

“गिअर पडंना” एवढं म्हटलं की बऱ्याच ठिकाणी “सेट टाकावा लागंल” हे उत्तर तयारच असतं. कधी ते बरोबरही असतं. पण क्लचच्या बऱ्याच तक्रारी गिअरबॉक्स न उतरवता, बाहेरच्या बाहेर सुटणाऱ्या असतात, म्हणून या पायरीला वेळ द्या.

*क्लच स्लिप होणं.* चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढाला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण गाडी वेग घेत नाही. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना हे लगेच जाणवतं. सपाट, मोकळ्या जागेत परीक्षा करता येते: हँडब्रेक पूर्ण ओढा, समोर कोणी नाही याची खात्री करा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच धड असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं, तर प्लेट घसरतेय. हा प्रयोग एकदाच करा. मित्राला दाखवायला चार वेळा केलात तर उरलेली प्लेटही जाईल.

केबलवर चालणाऱ्या गाडीत इथे एक गोम आहे. लायनिंग झिजून पातळ झालं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि फिंगर उलट बेअरिंगच्या दिशेने येतात. म्हणजे झीज होत जाते तसा पेडलचा मोकळा प्ले, म्हणजे क्लच दबायला लागण्याआधी पेडल जेवढं मोकळं हलतं ते अंतर, कमी होतो. तो संपला की बेअरिंग फिंगरना कायम टेकून राहतं, आणि पेडलवर पाय नसतानाही क्लच थोडासा दाबलेलाच असतो. अशा वेळी कोणी केबल आणखी आवळून दिली तर स्लिप वाढणार. आधी प्ले तपासा. केबलच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. प्ले बरोबर करूनही स्लिप राहिली, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.

*गिअर अडकणं, रिव्हर्स टाकताना खरखर होणं.* इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर आता पेडल दोन-चार वेळा पटापट मारून बघा. त्याने गिअर पडला तर संशय तेलाच्या बाजूला: तेल कमी झालंय, लाइनमध्ये हवा शिरलीय, किंवा मास्टर (पेडलकडचा) नाहीतर स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडरचं रबर गेलंय. डॅशबोर्डखाली पेडलचा दांडा जिथे आत जातो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर सिलिंडर गळतोय. बऱ्याच गाड्यांत क्लचचं तेल ब्रेकच्याच डबीतून येतं, त्यामुळे डबीतली पातळी उतरत असेल तर ते अंगावर काढू नका. तेल डबीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला, डॉट ३ किंवा डॉट ४. त्यात इंजिन ऑइल किंवा कुठलंही साधं तेल पडलं तर आतली रबरं फुगतात आणि क्लचसोबत ब्रेकचाही बोऱ्या वाजतो.

*आवाज.* पेडल दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर जाते: रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना येते आणि दाबल्यावर थांबते: बहुतेक गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. हा फरक गॅरेजमध्ये जाण्याआधी स्वतः ऐकून ठेवा, कारण दुसऱ्या दोषाला क्लच सेट टाकून काडीचा फरक पडत नाही.

*गाडी उचलताना, म्हणजे जागेवरून निघताना, थरथर.* प्लेटवर तेल उतरलंय, फ्लायव्हीलवर उष्णतेचे डाग पडलेत, किंवा इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार, फाटलंय. माउंटिंग बाहेरून दिसतं, तेच आधी बघायला लावा.

पेडल जड होणं हे झिजलेल्या प्लेटचं लक्षण असू शकतं, तसंच कोरड्या पडलेल्या केबलचंही. केबल स्वस्त आहे, आधी ती बदलून बघायला हरकत नाही.

३. जाताना हे बरोबर ठेवा

- आरसी, किंवा डिजिलॉकरमधली प्रत. त्यावरचा १७ अक्षरी चॅसी नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष वेगळ्या कागदावर लिहून घ्या.
- इंजिन नंबर आणि गाडीचं पूर्ण व्हेरियंट. नुसतं ‘स्विफ्ट’ म्हणून भागत नाही. पेट्रोल की डिझेल, कोणतं इंजिन, कोणतं वर्ष, सगळं लागतं.
- मागच्या कामांची बिलं. क्लच आधी बदललाय का, कोणता टाकला, किती किलोमीटरवर, हे त्यातून कळतं.
- मोबाइल, फोटोसाठी. उतरवलेल्या प्रत्येक भागाचा, आणि त्यावरच्या पार्ट नंबरचा.

गाडी एमएच ११ ची आहे की बाहेरच्या पासिंगची, याने पार्टला काही फरक पडत नाही. दुकानदार विचारतात ते उत्पादनाचं वर्ष. २०१५ ला पासिंग झालेली गाडी २०१४ ला तयार झालेली असू शकते, आणि मधे कंपनीने प्लेटचा आकार बदलला असेल तर घोळ तिथेच होतो.

४. काय काय बदलायचं

‘क्लच सेट’ म्हटलं की कुठे दोन वस्तू मिळतात, कुठे तीन. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट हे दोन. रिलीज बेअरिंग धरून तीन. सेटमध्ये बेअरिंग आहे का, हे दर विचारण्याआधी विचारा. दोन दुकानांच्या भावात फरक दिसतो तो पुष्कळदा एवढ्यासाठीच.

माझं मत सरळ आहे: तिन्ही एकदम बदला. नवी प्लेट जुन्या प्रेशर प्लेटखाली टाकता येते, आणि स्प्रिंग, फिंगर आणि पृष्ठभाग शाबूत असेल तर काही दिवस चालतेही. पण उष्णता प्लेटबरोबर स्प्रिंगनेही सोसलीय. तापून दम गेलेली स्प्रिंग नव्या लायनिंगला नीट धरत नाही आणि नवी प्लेटही घसरायला लागते.

काही गाड्यांत रिलीज बेअरिंग आणि स्लेव्ह सिलिंडर एकच भाग असतो आणि तो गिअरबॉक्सच्या आत बसतो. तो सेटबरोबर बदलाच. आत गळायला लागला तर नवी प्लेट तेलात न्हाऊन निघते.

जुन्या प्लेटला नवं लायनिंग मारून देणारे अजून आहेत. ट्रॅक्टर, जुन्या जीप, जड गाड्यांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आजच्या कारसाठी मी ते सुचवणार नाही. प्लेटच्या मधल्या कंपन शोषणाऱ्या स्प्रिंगा आणि दोन लायनिंगच्या मधला लवचीक पत्रा जुनाच राहतो, आणि गाडी हळुवार उचलली जाणं त्याच दोन गोष्टींवर अवलंबून असतं.

५. पार्ट जुळवा आणि निवडा

तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: प्लेटचा व्यास, मधल्या भोकातल्या दात्यांची संख्या आणि माप, आणि प्रेशर प्लेटच्या बोल्टांच्या जागा. छोट्या पेट्रोल गाड्यांच्या प्लेटा साधारण १८० ते २०० मिलिमीटरच्या असतात, मोठ्या डिझेल गाड्यांच्या त्याहून बऱ्याच मोठ्या. पाच-दहा मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. शक्य असेल तर जुनी प्लेट हातात घेऊन दुकानात जा आणि नवी तिच्यावर ठेवून बघा. नवी प्लेट इनपुट शाफ्टवर हाताने सरकली पाहिजे. ठोकावी लागली तर ती तुमच्या गाडीची नाही.

मोठी प्लेट टाकली की जास्त टिकते, असं सांगणारे भेटतील. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट तेवढ्याच मापाची असताना मोठी प्लेट बसणार कुठे?

ब्रँडचं म्हणाल तर गाडीच्या कंपनीच्या खोक्यात येणारा क्लच बहुतेक वेळा क्लच बनवणाऱ्या वेगळ्याच कंपनीचा असतो. व्हॅलिओ, लुक, एक्सेडी, सॅक्स, आयसिन ही त्यातली जगभर चालणारी नावं. तुमच्या जुन्या प्लेटवर किंवा प्रेशर प्लेटवर यातलं कोणाचं नाव कोरलेलं आहे ते बघा. तोच मेक, त्याच गाडीसाठीचा, त्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यात मिळाला तर बिनधास्त घ्या. सहसा तो गाडी-कंपनीच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडतो. नेहमीच्या गाड्यांचे सेट साताऱ्यात मिळतात. गाडी थोडी वेगळी असेल तर दुकानदार पुण्याच्या नाना पेठेतून मागवतात. एक दिवस थांबायला लागलं तरी थांबा. “हाच बसतो वो, सगळे हाच टाकतात” म्हणून हाती दिलेला अनोळखी सेट घेऊन एक दिवस वाचवण्यात काही अर्थ नाही.

६. डुप्लिकेट ओळखा

खोकं बघण्यात लोक सगळा वेळ घालवतात, आणि नकली मालात सगळ्यात चांगलं बनवलेलं असतं ते खोकंच. क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. कंपनीचं नाव-पत्ता, कमाल किंमत आणि महिना-वर्ष छापलेलं हवंच, कायद्याने ते बंधनकारक आहे. मग आतला माल बघा: पार्ट नंबर धातूवर कोरलेला असतो आणि तो खोक्यावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. रिव्हेट सारख्या खोलीवर बसलेले असावेत, लायनिंगची कड चुरगळलेली नसावी, फिंगरची टोकं एका पातळीत असावीत. खोक्याची चिकटपट्टी दोनदा लावल्यासारखी दिसली तर परत करा.

बिल पक्कंच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बहुतेक भागांवर २८ टक्के होता. “बिल नको, तेवढं कमी करतो” हा सौदा क्लचसारख्या वस्तूत महागात पडतो, कारण वॉरंटीचा दावा बिलाशिवाय कोणी ऐकून घेत नाही. बिलावर पार्ट नंबर, गाडीचा नंबर आणि बसवतानाचं किलोमीटर रीडिंग लिहून घ्या. तंटा झालाच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

७. गिअरबॉक्स खाली आहे तोवर

या दिवशी शक्यतो स्वतः गॅरेजमध्ये थांबा.

फ्लायव्हील बघा. निळसर डाग, बारीक तडे, नखाला लागणारी कड दिसली तर ते लेथवर फेस करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्यायचं. “दादा, आता फ्लायव्हील कशाला काढायचं, चांगलं हाय की” असं ऐकायला मिळेल. मेकॅनिकला त्यात चार बोल्ट जास्त आणि लेथवाल्याकडे एक खेप पडते, त्यामुळे त्याचा कंटाळा समजू शकतो. जास्तीची मजुरी देतो म्हणा आणि काढायला लावा. खडबडीत फ्लायव्हीलवर नवी प्लेट पहिल्याच दिवशी थरथरते. खोल तडे असतील तर फेस करून उपयोग नाही, फ्लायव्हील बदलावं लागतं.

मात्र बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा. ते साध्या फ्लायव्हीलसारखं लेथवर लावायचं नसतं. हाताने फिरवून त्याचा प्ले कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहे का, एवढं तपासतात. नसेल तर बदलणं भाग आहे. त्याची किंमत क्लच सेटच्या कितीतरी पट असते, म्हणून गाडी उघडण्याआधीच विचारून ठेवा, नाहीतर ऐनवेळी आकडा ऐकून धक्का बसतो.

क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, दोन्हीही बघा. जरा जरी ओलं दिसलं तरी बदला. रबराच्या या दोन कड्या क्लच सेटच्या मानाने किरकोळ किमतीच्या आहेत, पण त्यांतून झिरपलेलं तेल लायनिंगमध्ये मुरलं की ती प्लेट धुऊन-घासून परत येत नाही.

फोर्क, म्हणजे रिलीज बेअरिंगला ढकलणारा दांडा, आणि त्याची टेकण झिजलीय का बघा. इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारं पायलट बेअरिंग असलेल्या गाडीत, म्हणजे मुख्यतः मागच्या चाकांवर चालणाऱ्या, तेही बदला.

जुनी प्लेट मात्र फेकू देऊ नका. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर आलं असेल तर ती वापराने संपली. लायनिंग जाड आहे पण काळं, चकचकीत झालंय: जास्त तापली, म्हणजे चढावरची सवय बदलायची वेळ आली. एकाच अंगाला तेलकट: सील.

८. बसवताना हे होतंय ना?

नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसलाच पाहिजे. ग्रीसच्या हाताने लायनिंगला शिवू नये. जुनी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसणं बरं.

प्लेटची एक बाजू फ्लायव्हीलकडे, दुसरी गिअरबॉक्सकडे. बहुतेक प्लेटांवर तसं लिहिलेलं असतं. ती मधोमध बसवायला अलाइनमेंट टूल लागतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून, ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क रेंचने आवळायचे. एकाच बाजूने हवेच्या गनने खटाखट आवळले तर कव्हर वाकतं. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस अगदी पुसटसं, जास्त लावलं तर फिरताना उडून लायनिंगवर जातं. गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लोंबकळत सोडायचं नाही, त्याने प्लेटचा मधला भाग वाकतो.

पुढच्या चाकांच्या गाडीत ॲक्सल काढताना गिअर ऑइल सांडतं. शेवटी ते भरलं का, हे तोंडाने विचारा. घाईत राहून जाणारी गोष्ट हीच, आणि तिची किंमत अख्खा गिअरबॉक्स.

९. एएमटी गाडी असेल तर

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली आणि गिअर आपोआप टाकणारी यंत्रणा, आपल्याकडे आली, आणि आता अशा गाड्या साताऱ्यात भरपूर दिसतात. पेडल दोनच असली तरी आत क्लच प्लेट आहेच. तुमच्या पायाऐवजी ॲक्चुएटर नावाचा भाग क्लच दाबतो. म्हणून चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवली तर इथेही प्लेट जळते. उभं राहायचं असेल तर ब्रेकच धरा. प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीला नवी पकड ‘शिकवावी’ लागते. ज्याच्याकडे तुमच्या गाडीचा स्कॅनर नाही त्याच्याकडे हे काम देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो.

१०. पहिले ५०० किलोमीटर

नवं लायनिंग फ्लायव्हीलशी बसायला वेळ लागतो. तेवढ्या दिवसांत गाडी हळुवार उचला, पाच माणसं आणि सामान भरून पसरणी चढू नका, दुसरी गाडी ओढू नका. सुरुवातीला थोडा वास येऊ शकतो, दोन-चार दिवसांत तो जायला हवा. पेडलची पकड आता वेगळ्या जागी लागेल. रिकाम्या रस्त्यावर पायाला सवय करून घ्या, मगच पोवई नाक्याच्या गर्दीत शिरा.

चढावर थांबताना हँडब्रेक ओढा आणि क्लच पूर्ण दाबून ठेवण्यापेक्षा न्यूट्रल करा. निघताना पहिला गिअर टाकून क्लच पकडतोय असं वाटलं की हँडब्रेक सोडायचा. उतारावर क्लच दाबून गाडी सोडायची नाही, गिअरमध्येच उतरवायची.

पाचशे किलोमीटर झाले की एकदा मेकॅनिककडे चक्कर मारा. केबल असेल तर प्ले पुन्हा बघून घ्या, हायड्रॉलिक असेल तर डबीतली पातळी. गाडी रात्रभर उभी होती त्या जागी, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली, तेलाचा थेंब पडलाय का तेही बघा. पडला असेल तर बिल घेऊन त्याच दिवशी जा. “बघू पुढच्या सर्व्हिसिंगला” म्हणायचं नाही.